कोरड्या वाऱ्याची भेंडी

डॉक्टर न्याकूंनी पडद्यावर तक्ता लावला तेव्हा माझ्या हातात गरम मायलोचा कप होता. तो मी खाली ठेवला, कारण फेकावासा वाटला.

पडद्यावर दिसणारा शेवटचा रकाना उत्पन्नाचा होता: दर झाडामागे किती ग्रॅम भेंडी. सगळ्यात वर आमच्या केंद्राचं नवं वाण, गाफेत्री. आमच्या भाषेत फेत्री म्हणजे भेंडी आणि गा म्हणजे पैसा. ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं ते नावातच आहे. तिच्यापुढे भलामोठा आकडा होता. खाली मी व्होल्टा नदीकाठची गावं पालथी घालून जमवलेली वाणं, आणि त्यांतल्या उशिरा फुलणाऱ्या प्रत्येकापुढे शून्य. एकाखाली एक शून्य, मण्यांच्या माळेसारखी.

"सर, हे शून्य कुठून आलं?" मी विचारलं.

"शेतातून."

"शेतात ती झाडं अजून उभी आहेत. माझ्या खांद्याला लागतात. ती फुलायची आहेत."

"तेच म्हणतोय मी. फूल नाही, म्हणजे फळ नाही. मग उत्पन्न किती?"

"माहीत नाही."

"माहीत नाही हा आकडा नसतो, असेये."

असेये म्हणजे मी. सगळे हसले. डॉक्टर न्याकू भेंडी विभागाचे प्रमुख, आणि प्रमुखांच्या विनोदाला हसणं हे आमच्याकडे नोकरीच्या कामातच धरतात.

"मग ती चौकट रिकामी ठेवा."

"रिकामी ठेवली की संगणक पुढचं गणित करत नाही."

"म्हणून खोटं लिहायचं?"

आता कोणी हसलं नाही.

मापलंच नाही आणि मापून काही निघालं नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजारीण बाजाराला गेलेली असताना तिच्या दाराला कुलूप दिसलं, म्हणून कोणी खानेसुमारीत 'या घरात माणूस नाही' असं लिहीत नाही. पण चाचणीचा नियम असा होता की पेरणीपासून सत्तर दिवसांत जे फुललं नाही ते नापास. हा नियम लवकर फुलणाऱ्या भेंडीसाठी, लवकर फुलणारी भेंडी विकणाऱ्यांनी, भलत्याच देशात बसून केलेला. तो आम्ही आणला आणि आमच्या मातीतल्या झाडांना लावला.

आमच्याकडे वर्षातला सगळ्यात मोठा दिवस आणि सगळ्यात लहान दिवस यांत पाऊण तासाचाही फरक नसतो. माणसाला तो कळतही नाही. या भेंडीला कळतो. दिवस आखडायला लागले की मगच ती कळी धरते. नाताळाच्या सुमारास उत्तरेकडून धुळीचा कोरडा वारा सुटतो, त्याला आम्ही पेपी म्हणतो. बाकी सगळ्या भेंड्यांची तेव्हा काडी झालेली असते आणि ही झाडं मात्र फळत असतात. म्हणून तिचं नाव पेपीफेत्री.

आणि गाफेत्री? तिच्या शेतातलं कुठलंही झाड घ्या, सगळी एकाच परदेशी आईबापांची लेकरं. यंदा पानं मुरडणारा रोग आला तेव्हा एकजात सगळी मुरडली. शेजारच्या रांगेत पेपीफेत्रीचं एक पान वाकडं झालं नाही. त्या भेंडीत काहीतरी आहे, जे गाफेत्रीत नाही. ते काय आहे हे शोधण्यासाठीच मला नेमलं होतं. रोगाचाही एक रकाना तक्त्यात होता. पडद्यावर तो मावला नव्हता.

बैठक संपल्यावर डॉक्टरांनी मला थांबवून घेतलं.

"सप्टेंबरात शेतीदिन आहे. अक्राहून मंत्र्यांची माणसं येणार. ज्या वाफ्यांत फळ नाही ते मला तेव्हा दिसायला नकोत. लोक विचारतील, हे सरपणाचं संशोधन चाललंय का?"

"तोवर त्या फुलणार नाहीत, सर. आणि शीतघरातलं त्यांचं बी मेलंय. तुम्हाला माहीत आहे."

त्यांना माहीत होतं. मार्चमध्ये वीज आठ-आठ दिवस जात-येत राहिली, शीतघराचं यंत्र जळलं, आणि दुरुस्तीची फाइल अजून सहीच्या प्रतीक्षेत होती. दमट हवेत भेंडीचं बी टिकत नाही. मी ओल्या कागदात गुंडाळून तपासलं, तर बियांना पांढरी बुरशी आली, कोंब एकीलाही आला नाही. यंत्र जळण्याआधी माती धरलेली झाडं तेवढी जिवंत होती. तीच ही शून्याची झाडं.

"मग गावात जा आणि पुन्हा आण," डॉक्टर म्हणाले. "त्यांच्याकडे असेलच की."

मी आकात्सी या बाजारगावाच्या पुढे दावी आक्पेनेकडे गेले. दावी म्हणजे थोरली बहीण, पण आक्पेनेला सगळा बाजार दावी म्हणतो, तिच्याहून मोठ्या बायकासुद्धा. पेपीतली भेंडी विकून तिनं दोन घरं उभी केली आहेत आणि तीन जावयांना गप्प बसवलं आहे. तिची पेपीफेत्री माझ्या सगळ्या संग्रहात सरस होती: आखूड, जाड, पाच धारांची, आणि तार अशी की चमचा उचलला तर भांडं सोबत येईल असं वाटावं.

ती मका सोलत बसली होती. वर न बघताच म्हणाली, "आलीस? आणलंस माझं बी?"

"दावी, मी बी मागायला आलेय."

तिनं सोलणं थांबवलं आणि कुंपणापलीकडे हाक मारली, "अगं, ऐकलंस का? चोर ज्याच्या घरी चोरी केली त्याच्याकडेच भीक मागायला आलाय!"

पलीकडून कोणीतरी खिदळलं.

"तुमच्याकडे नाही?"

"कुठून असणार? तू मूठभर नेलंस. वर काय म्हणालीस? तिथं थंड कपाटात वीस वर्षं टिकतं, म्हणालीस. मी म्हटलं, बरंय, पोरगी शिकलेली आहे, सरकारचं कपाट आहे. मग त्या वर्षी तुमचाच माणूस आला पाकिटं घेऊन. फुकट! तुमचा शिक्का वर. सगळ्या गावानं लावली. मीही लावली."

"गाफेत्री."

"तीच. आणि खोटं कशाला बोलू, पैसा आला. पोत्यांनी गेली अक्राला. छपराचे पत्रे बदलले मी. पण पेपी आला, तेव्हा शेतात काय? धूळ. आकात्सीच्या बाजारात मी, आक्पेने, भेंडी विकत घ्यायला उभी राहिले! आणि माझ्या हांडीतलं उरलेलं बी पेरलं तर एक उगवलं नाही. दोन पावसाळे जुनं बी कसं उगवेल?"

"मी सांगितलं होतं तुम्हाला, थोडं लावत राहा म्हणून."

"सांगितलं होतंस. आणि कपाटाचंही सांगितलं होतंस. मी त्यातलं सोपं होतं ते ऐकलं." तिनं सोललेलं कणीस टोपलीत आपटलं. "ते जाऊ दे. मुठीनं नेलंस, मुठीनं परत आण. पेपीच्या आत. नाहीतर माझ्या दारात येऊ नकोस."

परतीच्या त्रोत्रोत, भाड्याच्या मिनीबसमध्ये, मी दात आवळून बसले होते. राग तिचा नव्हताच. एकाच इमारतीच्या एका खोलीत आम्ही गावचं बी सांभाळत होतो आणि शेजारच्या खोलीतून ते गावातून नाहीसं करत होतो. दोन्ही खोल्यांच्या दारांवर पाटी एकच: भेंडी विभाग.

दिवस लहान झाल्याशिवाय ती फुलणार नसेल, तर दिवस लहान करायचा. यात नवं काही नाही, पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. झाडाला संध्याकाळ होण्याआधी अंधारात घालायचं आणि सकाळी उशिरा बाहेर काढायचं. पण अंधाराला पैसे लागतात. माझ्या पगारात एका रांगेपुरता अंधार बसत होता. मी आक्पेनेची रांग निवडली. बाकीच्या रांगांकडे त्या दिवशी मी पाहिलं नाही.

सगळ्यात स्वस्त जाड काळं कापड सुतकाचं मिळतं. बाजारातल्या बाईनं गठ्ठा मोजताना तोंड पाडलं. "अरेरे! कोण गेलं, बाळ?"

"अजून कोणी नाही."

तिनं घाईनं पैसे घेतले.

आमच्या केंद्राचा ट्रॅक्टर चालवणारा एफो डोत्से माझ्या मदतीला आला. तो माझ्याहून बराच मोठा, म्हणून एफो, थोरला भाऊ. त्यानं बांबू तोडून चौकटी बांधल्या. रोज ऊन कलायच्या आत आम्ही कापड दुहेरी करून रांगेवर ओढायचो आणि सकाळी ऊन वर आल्यावर काढायचो.

"अंगाई पण गा हिला," डोत्से म्हणायचा. "माझी बायको विचारते, कुठे असतोस रोज संध्याकाळी? म्हटलं, भेंडीला झोपवतो. दोन दिवस जेवण नाही मिळालं."

एकदा डॉक्टर न्याकू तिथून गेले. थांबले. "कोणाची अंत्ययात्रा?"

"दिवस लहान करतेय, सर."

"हं." त्यांनी कापड बोटांनी चाचपलं. "माझी आई हीच विकायची. आम्हा भावंडांची शाळा हिच्यावर झाली." मग लगेच म्हणाले, "पण तेव्हा वर्षभरात एकदाच पैसा यायचा, असेये. गाफेत्री दीड महिन्यात देते. लोकांना भूक पेपीतच लागते असं नाही."

ते चूक बोलत नव्हते, आणि त्यामुळे मला जास्तच संताप आला. कारण मी गाफेत्री उपटा असं कधी म्हटलंच नव्हतं.

ऑगस्ट अर्धा सरताना एका सकाळी कापड काढलं, तर रांगेत पहिलं फूल होतं. पिवळं, पोटात गडद लाल. डोत्से त्याच्यापुढे वाकला आणि आम्ही म्हाताऱ्यांना करतो तसा त्यानं त्याला नमस्कार केला. पुढे रोज फुलं आली. अंधारात कोंडलेली झाडं अशक्त होतात, त्यामुळे फळं कमी धरली. पण मला फळं नको होती, बी हवं होतं. एकेक शेंग जून होऊन वाळायला महिना-सव्वा महिना लागतो. मी शेंगांना दोरे बांधले नाहीत की पाट्या लावल्या नाहीत. केंद्राच्या कुंपणाच्या आत संशोधनाची भेंडी कोण तोडणार?

सप्टेंबरात डॉक्टर टोपली घेऊन आले, दोन झाडांवरची फळं त्यांनी तोडून मोजली आणि म्हणाले, "बघ, आता आकडा मिळाला."

"सर, ही झाडं कापडाखाली वाढलीत! ही मोजायची नाहीत. हा प्रयोगच वेगळा आहे!"

"तूच म्हणत होतीस ना, शून्य खोटं आहे? मी शून्य काढतो."

शेतीदिनाच्या पत्रकात तो आकडा छापून आला. गाफेत्रीच्या आठव्या हिश्शाचा. शून्य निदान बावळट दिसत होतं. कोणीतरी विचारलं असतं की बाबा, हे कसं? हा आकडा अगदी खरा दिसत होता.

शेतीदिनाच्या आदल्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरचा आवाज आला. मी धावत गेले. डोत्से उरलेल्या उशिरा फुलणाऱ्या रांगांच्या तोंडाशी नांगर घेऊन उभा होता, आणि डॉक्टर त्याला हातानं दाखवत होते.

"इथे गाड्या लागतील," ते म्हणाले.

मी रांगेत शिरले. शेंड्यांवर, पानांच्या बगलेत, टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या होत्या. दिवस आपणहून आखडले होते आणि झाडांनी ते ओळखलं होतं.

"सर, कळ्या आल्यात! या बघा! दोन महिने द्या मला!"

"मंत्री दोन महिन्यांनी येणार नाहीत, उद्या येणार आहेत."

मी ट्रॅक्टरपुढे जाऊन उभी राहिले.

"असेये," डोत्से वरून म्हणाला, "असं करू नकोस. मला चार लेकरं आहेत."

"चावी काढ, एफो."

"मी चावी काढली तर दुसरा कोणी येईल. तो कापडाखालची रांगही सोडणार नाही."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "ते सुचवलंस ते बरं केलंस, डोत्से. बाजूला हो, असेये, नाहीतर ती रांगही घ्यायला सांगतो. ती फळलीय म्हणून ठेवतोय. माझा शब्द आहे."

मी बाजूला झाले. नांगर गेला. ताज्या चिरलेल्या भेंडीच्या खोडाला चिकट, हिरवा वास येतो. दिवसभर तो वास हवेत होता आणि दुपारी त्यावर खडी पडली.

दुसऱ्या दिवशी मंडप, ढोल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सगळं आलं. पाहुण्यांना जेवायला आक्पले आणि फेत्री देत्सी, म्हणजे मक्याच्या पिठाचा गोळा आणि भेंडीचं कालवण. आकात्सीहून स्वयंपाकिणींचा ताफा बोलावला होता. त्यांची मुख्य आँटी सेलोम, दंडावर मुलाला झोपवता येईल एवढी धिप्पाड बाई. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, "भेंडी शेतातलीच तोडा. आमचीच खायला घालायची."

त्यांना गाफेत्री म्हणायचं होतं. एकरभर उभी होती ती. पण आकात्सीच्या बाईला 'शेतातली भेंडी तोड' म्हटलं की ती काही जवळची तोडत नाही. ती चालत राहते, प्रत्येक वाफ्यातली एकेक मोडून बोटांत चोळते, तार बघते आणि हवी ती सापडली की मगच टोपली खाली ठेवते.

मी पाहुण्यांना खुर्च्या दाखवून रांगेकडे गेले तेव्हा कापडं नीट घडी करून बांबूवर ठेवलेली होती. झाडं रिकामी होती.

मी स्वयंपाकाच्या मांडवात धावले. मोठ्या पातेल्यात माझी रांग रटरटत होती.

"आँटी, ही कुठून तोडलीत?"

"त्या काळ्या कापडातली. काय भेंडी आहे गं! लहानपणानंतर हात नव्हता लागला अशीला. ती बाकीची कसली, नुसतं पाणी! बघ." तिनं पळी उचलली. तार हातभर लांब होऊन लोंबत राहिली.

"ती बियांची होती!"

"मग पाटी लावायची नाही होय? आणि ओरडू नकोस, खेकडे उकळतायत."

पाहुणे जेवले. मंत्र्यांच्या वतीनं आलेल्या गृहस्थांनी तीनदा कालवण मागून घेतलं, बोटं चाटली, आणि ध्वनिक्षेपक हातात घेऊन म्हणाले, "डॉक्टर न्याकू, मला माझ्या आजीची आठवण झाली. हीच का तुमची गाफेत्री? देशभर लागली पाहिजे ही!"

टाळ्या पडल्या. डॉक्टर उठले. त्यांच्याही ताटात तेच होतं. त्यांच्या तोंडाकडे मी पाहत होते. पहिल्या घासालाच त्यांनी ती ओळखली होती. भेंडी विकणाऱ्या बाईचा मुलगा होता तो.

"हो," ते म्हणाले, "हीच."

मी मंडपातून सरळ त्यांच्यापर्यंत चालत गेले. माझ्याकडे रांगेत खाली पडलेली एक शेंग होती. ती मी त्यांच्यापुढे डाव्या हातानं धरली. आमच्याकडे डावा हात नुसता उचलला गेला तरी माणूस आधी क्षमा मागतो. मी मागितली नाही. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या गावप्रमुखानं श्वास आत ओढलेला मला ऐकू आला.

"ही गाफेत्री नाही," मी म्हणाले. "तुमच्या पत्रकात जिला आठवा हिस्सा दिलाय ती ही. ती तुम्ही खाल्लीत. तिच्या बहिणींवर तुमच्या गाड्या उभ्या आहेत."

ध्वनिक्षेपक जवळच होता. सगळ्यांना ऐकू गेलं.

ते गृहस्थ आधी डॉक्टरांकडे, मग माझ्याकडे पाहून हसले. "तरुण शास्त्रज्ञ! रक्त गरम आहे. चांगलं आहे, चांगलं आहे!" मग ढोलवाल्यांना खूण झाली.

इतकंच झालं. मला कोणी काढलं नाही की कोणी माझं ऐकलं नाही. गाड्या निघाल्यावर डॉक्टर माझ्याजवळून गेले आणि तोंड दुसरीकडे ठेवून म्हणाले, "डावा हात करायला नको होता." मी म्हटलं, "हो म्हणायला नको होतं." ते पुढे गेले.

मग मी रांगेत गुडघ्यांवर बसून झाडं खालून वर पाहत गेले. आमच्या बायका भेंडी तोडताना टोक मोडून बघतात. कटकन मोडलं तर टोपलीत, नुसतं वाकलं तर जून म्हणून झाडावरच. सेलोमच्या बायकांनीही तेच केलं होतं. खालच्या पानांआड, बुंध्याजवळ, सगळ्यात आधी फुललेल्या फुलांच्या शेंगा तशाच होत्या: लाकडासारख्या, टोक वाकवून सोडून दिलेल्या. मी त्या झाडावरच राहू दिल्या. वाळेपर्यंत रोज ऊन कलल्यावर मी किंवा डोत्से तिथे बसायचो. डोत्से एकदा म्हणाला, "नांगर मी जरा उथळ धरला होता. म्हटलं, एखादं मूळ राहील." एकही राहिलं नव्हतं.

शेंगा हातात तडकल्या तेव्हा मी बी घेऊन दावी आक्पेनेकडे गेले. तिनं परातीत ओतून घेतलं. पोचट, फिकट बिया नखानं बाजूला केल्या. उरल्या त्या टपोऱ्या, काळसर हिरव्या. मूठ पुरती भरली नाही.

"ही मूठ?"

"बाकीचं मंत्र्यांच्या माणसांनी खाल्लं."

मी सगळं सांगितलं. ती एकदाही हसली नाही. सेलोमचं नाव आल्यावर मात्र म्हणाली, "तिचा दोष नाही. मीही तीच तोडली असती."

"आणि इतर गावांची?" तिनं विचारलं.

"नांगरली. त्यांचं बी कुणाच्या घरात असेल तर असेल."

तिनं बिया फडक्यात बांधल्या. मी मनाशी ठरवून आले होते ते म्हणाले, "दावी, यातल्या निम्म्या मला द्या. शीतघराचं यंत्र दुरुस्त होतंय. मी स्वतः लक्ष ठेवीन. एकाच शेतात सगळं ठेवणं धोक्याचं आहे. पाऊस चुकला, रोग आला तर? तुमच्या शेळ्या शिरल्या तर?"

"नाही."

"दावी, हे विज्ञान म्हणून सांगतेय. दोन जागी असलं की—"

"दोन जागी असेल. बहिणीला देते थोडं." तिनं पुरचुंडी कमरेच्या वस्त्रात खोचली आणि कुदळ उचलली. "आणि शेळीनं खाल्लं, तर माझ्या शेळीनं खाल्लं. ती निदान वर टाळ्या वाजवत नाही."

माझ्याकडे उत्तर होतं. नीट मांडलेलं, आधारासकट, दोन परिच्छेदांचं. ती वाफ्याकडे चालायला लागली होती. मी तिच्या मागून गेले आणि तिच्यासाठी माती फोडायला लागले.